नागपुरात फोटोच्या जागा शोधताना: सूर्याची दिशा दाखवणारं अॅप, दहा महिन्यांच्या वापरानंतर

ताईचं सासर नागपूरचं, त्यामुळे महिन्या-दीड महिन्यानं पुण्याहून माझी तिकडं चक्कर असते. गेल्या मे महिन्यात फोनवर एक अॅप विकत घेतलं. नकाशावर बोट ठेवलं की त्या जागेवरून आज सूर्य कुठं उगवेल, कुठं मावळेल, चंद्र किती वाजता वर येईल, हे ते रेषा काढून दाखवतं. शिवाय इतरांनी टाकलेल्या ‘फोटोच्या जागा’ खुणांनी दिसतात. नाव लिहीत नाही, कारण अशी बरीच अॅप्स आहेत आणि सूर्याचं गणित सगळ्यांचं एकच.

पहिला फायदा वेळेचा झाला. नागपूर पुण्याच्या पाच अंशांहून जास्त पूर्वेला आहे. घड्याळ तेच, पण मेअखेरीस तिथं सूर्य 17-18 मिनिटं आधी मावळतो आणि डिसेंबरात 25 मिनिटांहून जास्त आधी. पुण्याच्या सवयीनं निघालं तर फुटाळा तलावावर पोचेपर्यंत सोनेरी उजेड संपलेला असतो. परगावी गेल्यावर ही एक गोष्ट कळली तरी निम्मं काम होतं, असं मला आता वाटतं.

फुटाळ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण अॅपची खरी ताकद मला तिथंच कळली. मावळतीची रेषा वर्षभरात किती सरकते याची मला कल्पनाच नव्हती. नागपूरच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य ठीक पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे 25 अंशांवर मावळतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. म्हणजे एकूण 50 अंशांचा फरक! जुलैत ज्या ठिकाणी उभं राहून पाण्यातलं प्रतिबिंब मिळालं, त्याच ठिकाणी डिसेंबरात सूर्य चौकटीच्या बाहेर होता. अॅपमध्ये तारीख पुढं ढकलली की रेषा डोळ्यांदेखत फिरते, त्यामुळे कुठल्या महिन्यात काठावर किती पुढं चालायचं हे घरूनच ठरवता येतं. मी फोनकडं बघत पुढं-मागं होत होते तेव्हा भुट्टेवाल्या काकांनी विचारलं, “काय पाहून राहिल्या ताई?” सांगितलं तर म्हणाले, “हिवाळ्यात दिवस तिकडं बुडते ना जी, त्या झाडांकडं.” हाताची दिशा आणि अॅपची रेषा अगदी जुळली. त्यांची ती नजर मला फार आवडली.

मेमधली एक आठवण सांगायलाच हवी. 26 मेच्या आसपास नागपुरात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. अॅपनं वेळ दाखवली 12 वाजून 10 मिनिटं. मी झीरो माइलला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मोजणीच्या दगडापाशी, गेले. तिथला खांब आणि चार घोडे तुम्ही पाहिले असतील. तो दगड 1907 मधल्या सर्वेक्षणाच्या वेळचा. आठवड्याभरापूर्वी त्याच वेळी खांबाच्या बुडाशी दिसलेली सावली त्या दुपारी उरलीच नव्हती. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडू नये हे मलाही मान्य आहे, डोक्याला ओला दुपट्टा बांधून गेले होते. फोन तापून दोनदा बंद पडला, म्हणून आदल्या रात्रीच वेळ कागदावर लिहून ठेवली होती ते बरं झालं.

आता उणिवा. अॅपला क्षितिज सपाट दिसतं. शहरात ते कधीच सपाट नसतं. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश उंचीची असते. समोरची इमारत एक मूठ उंच असेल तर ऊन मावळतीच्या साधारण पाऊण तास आधीच जातं. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत तर ते याहूनही आधी जातं. अॅपवर साडेपाचपर्यंत ऊन आणि गल्लीत चारलाच सावली, असं मी डिसेंबरात अनुभवलं. तेव्हापासून आधी मूठ धरून बघते, मग वेळ ठरवते.

दुसरं, होकायंत्र. वर्धा रोडच्या दुमजली पुलाखाली (खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो) दिशा चांगलीच भरकटली. इतकं लोखंड जवळ असल्यावर होणारच. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून थोडा फरक पडला, पण अशा ठिकाणी नकाशावरची रेषाच खरी मानावी.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं म्हणजे लोकांनी टाकलेल्या खुणा. फुटाळा, दीक्षाभूमी, झीरो माइल, की झालं नागपूर! फुटाळ्याच्या जुन्या फोटोंत मोकळा दिसणारा काठ आता प्रेक्षागॅलरीनं भरला आहे, ते कुणी बदललेलं नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यावर ‘रोज खुला’ असं लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये गेले तर दार बंद. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सामान्यांना सोडतात. मी पुढं 26 जानेवारीला गेले. कॅमेरा चालेल का, हे दारावरच विचारून घ्या.

मारबतीची तर एकही खूण नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात. ही परंपरा 1880 च्या दशकापासूनची. भाऊजींनी सकाळीच इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ नेऊन उभं केलं, कारण दोन्ही मारबती तिथं भेटतात. “ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!” हा गजर, बडगे (तेही पुतळेच), गुलाल, आणि गच्चीगच्चीवर बायका-मुलं. कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून न्या, आणि लांब लेन्स घरी ठेवा. तिथं माणसं हाताच्या अंतरावर असतात. मी वर्षभरात काढलेले सर्वांत चांगले फोटो त्या चार तासांतले आहेत.

कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे ढीग ताईच्या शेजारच्या काकूंनी सुचवले. डिसेंबरातली सकाळ, तिरपं ऊन, केशरी रंग. फक्त माल उचलणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका आणि चेहरा टिपण्याआधी विचारा.

दीक्षाभूमीसाठी अॅप पुन्हा कामी आलं. सांचीच्या धर्तीवरचा तो पांढरा घुमट दुपारी नुसता भगभगीत येतो. सूर्य 10 अंशांच्या खाली आल्यावर त्याची गोलाई दिसू लागते. ही वेळ रोजच्या रोज अॅपमधून घेते आणि एक्स्पोजर थोडं कमी ठेवते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मात्र उजेडाचा हिशेब सोडून दिला. लाखो माणसं 14 ऑक्टोबर 1956 ची आठवण घेऊन येतात, रांगेनं पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथं मी पाच फोटो काढले आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

वर्षाची वर्गणी मेमध्ये संपते. सूर्य-चंद्राच्या रेषांसाठी ती पुन्हा भरणार आहे. खुणांचा थर मी बंदच करून टाकलाय. त्याऐवजी साध्या नकाशात माझी स्वतःची यादी आहे, प्रत्येक जागेपुढं महिना, वेळ आणि ती जागा कुणी सांगितली ते लिहिलेलं. फुटाळ्याच्या नोंदीपुढं ‘भुट्टेवाले काका’ असं आहे.