कोर्लईची घरगुती खाणावळ: सुरमई झकास, बोली त्याहून मोलाची

रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईत आलात की ख्रिस्ती वस्तीत ही छोटी खाणावळ आहे. सुरमई अप्रतिम, सोलकढी ताज्या नारळाची. भात जरा गिच्च वाटला, आणि आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय जेवण मिळत नाही.

मी पुन्हा जाणार ती मात्र स्वयंपाकघरातून कानावर पडणाऱ्या क्रिस्टी बोलीसाठी. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून घडलेली आणि मराठीशेजारी वाढलेली ही बोली आज जेमतेम हजारभर लोकांच्या तोंडी उरली आहे. आजी ओट्यापाशी नातीला क्रिस्टीत काम सांगत होत्या. पोरगी बरोबर कोकमाची बरणी काढून द्यायची, उत्तर मात्र मराठीत. आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी तिने तेच क्रिस्टीत म्हटलं, न अडखळता! मला फार बरं वाटलं. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, नोकरीही मराठीत. मग पोरांना ही बोली मिळणार कुठे, तर घरातच. नुसतं ऐकून मूल समजायला शिकतं, पण बोलायला कोणीतरी रोज लावावं लागतं. या घरात ते लावतात, म्हणून माझे पाचपैकी पाच.

मुलांना घेऊन जरूर जा. आजींशी गप्पा मारा, पण न विचारता मोबाईल समोर धरू नका. रविवारी सकाळी सगळे चर्चला जातात, त्यामुळे जेवण उशिरा मिळतं.