उघडून बघावीत अशी पेनं: जिनहाओ एक्स १५९ आणि त्याची भावंडं

माझं काम प्रुफं तपासण्याचं. दिवसभर लाल शाईने समासात खुणा करायच्या, काने-मात्रे दुरुस्त करायचे, दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सुटलेला शब्द बसवायचा. त्यामुळे पेनाकडून माझ्या अपेक्षा दोनच: रेघ बारीक हवी आणि टोपण काढल्याबरोबर ते चाललं पाहिजे. महागडी जर्मन-जपानी फाउंटन पेनं हे काम उत्तम करतात, वाद नाही. पण त्यांची निब उपसून बघायची माझी छाती होत नाही. स्वस्त चिनी पेनांचं नेमकं उलट आहे. ती घ्यायचीच उघडण्यासाठी. म्हणून पाकिटातून निघाल्यावर ती कशी चालतात, एवढ्यावर त्यांना गुण देणं मला पटत नाही. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर कशी चालतात ते बघायचं.

सध्या हातात असतं ते जिनहाओ एक्स १५९. नुसतं १५९ म्हणजे जुनं मॉडेल, पितळी अंगाचं, वजन पन्नास ग्रॅमच्या घरात. चार पानं तपासली की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. एक्स १५९ तशाच सिगारच्या आकाराचं आहे, पण प्लॅस्टिकचं. त्यामुळे जाडजूड असूनही हलकं. त्याला ८ नंबरची निब आहे. बहुतेक मोठ्या पेनांना ६ नंबरची असते, त्यामुळे ही पहिल्यांदा बघताना जरा अंगावरच येते. एवढ्या किमतीत एवढी मोठी पोलादी निब मिळते याचं मला अजूनही नवल वाटतं. दिसायला पेन उघडउघड माँ ब्लाँ १४९ या आजही मिळणाऱ्या महागड्या जर्मन पेनाच्या वळणावर गेलेलं आहे. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी खटपट. नवीन पेनात शाई भरण्यापूर्वी ते धुवायचंच. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि शाईचा ओघ तुटण्याचं ते अगदी नेहमीचं कारण. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकायचा, कन्व्हर्टरने, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या आतल्या छोट्या नळीने, पाणी आत-बाहेर करायचं, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. पाणी गरम नको. पुष्कळ पेनं एवढ्यावरच शहाणी होतात.

नाही झाली तर भिंग. सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं पुरतं. निब समोरून धरून बघितली की टोकाची दोन पाती दिसतात. एक पातं वर आणि दुसरं खाली असेल तर पेन एका बाजूला लिहिताना गुळगुळीत लागतं आणि दुसऱ्या बाजूला कागद खरवडतं. माझ्या एक्स १५९ मध्ये डावं पातं केसभर वर होतं. नखाने त्याला हलकेच खाली दाबायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. पोलाद परत उसळतं, म्हणून जरा जास्त दाबावं लागतं. पण ते ‘जरा’ म्हणजे किती हे बोटालाच कळतं, सांगता येत नाही. पाती एका पातळीत आली की खरखरीचं मोठं कारण संपलं. लोक इथेच थेट पॉलिश पेपर काढतात. वाकडी पाती तशीच ठेवून टोक घासलं तर टोकाचा आकार बिघडतो आणि तो परत येत नाही.

दोन पात्यांमधली फट घट्ट असेल तर पितळी पत्र्याची पट्टी, ०.०५ मिलिमीटरची किंवा त्याहून पातळ. ती पात्यांच्या मधून वर-खाली अलगद सरकवायची. शाई मोकळी उतरायला लागते. घासायचंच असेल तर मायक्रोमेश नावाच्या अतिबारीक पॉलिश कापडावर (१२००० ग्रिटच्या), पेनात शाई असताना, काहीही दाब न देता इंग्रजी आठाचे आकडे काढायचे आणि दर थोड्या वेळाने थांबून कागदावर लिहून बघायचं. फार गुळगुळीत करायच्या नादात टोकाची आतली कड गोल झाली तर पेन पहिली रेघ खाऊन टाकतं, कारण शाई कागदापर्यंत पोहोचतच नाही. प्रुफावर स्वल्पविराम द्यावा आणि तो उमटूच नये, यासारखा मनस्ताप नाही. थोडी खरखर परवडली.

आता हौसेचा भाग. जिनहाओच्या एक्स ४५० आणि एक्स ७५० या मॉडेलांना ६ नंबरची निब असते, आणि निब व जीभ (निबेखालचा, तिला शाई पुरवणारा तुकडा) नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. रबराच्या तुकड्यात धरून सरळ ओढल्या की बाहेर. जर्मन जोवो कंपनीची ६ नंबरची निब तिथे बहुधा बसते. मनगट दुखवणारी पितळी बॉडी सोडली तर या दोन पेनांसारखी प्रयोगाला गरीब पेनं मला माहीत नाहीत.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे झेब्रा जी निब बसवण्याचा. ही जपानी कॉमिक काढणाऱ्यांची दौतीत बुडवून वापरायची निब. दाबली की पाती फाकतात आणि रेघ केसाएवढीपासून चांगली ठसठशीत होते. अडचण अशी की एवढ्या रुंद रेघेला लागणारी शाई साधी जीभ पुरवू शकत नाही. मग मध्ये कोरडं आणि दोन्ही कडांना शाई, अशा रेल्वेच्या रुळांसारख्या रेघा उमटतात. त्यासाठी जिभेवरची मधली खाच ब्लेडने किंचित खोल करतात, आणि जीभ काही सेकंद गरम पाण्यात धरून निबेच्या पोटाला चिकटेल अशी दाबून घेतात. मी हे केलेलं पेन पत्त्यांची पाकिटं लिहायला वापरते. प्रुफाला अजिबात नाही: टोक टोकदार असल्यामुळे कागदाचे तंतू उपटतं, आणि शाईत सतत राहिल्यामुळे निब गंजते. गंजली की फेकायची, नवी लावायची.

देवनागरीसाठी मला खरी मजा आली ती वेगळ्याच निबेत. सपाट कापलेल्या स्टब निबेने काना जाड आणि शिरोरेषा बारीक येते. अक्षर देखणं दिसतं, पण आपल्या डोळ्याला सवय नेमकी उलटी, वरची रेघ भरदार असण्याची. चिनी कंपन्या ‘लांब सुरी’ म्हणून एक निब विकतात; होंगडियनच्या काही पेनांना ती मिळते. तिचं टोक लांबट घासलेलं असतं. पेन कागदाकडे झुकवलं की आडवी रेघ रुंद होते, उभं धरलं की बारीक. तिने ‘मराठी’ लिहिलं की शिरोरेषा छतासारखी ठाम बसते. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यात विकत घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही निब.

पारदर्शक प्लॅस्टिकची पेनं लोक ड्रॉपरने भरतात. कन्व्हर्टर काढायचा, आट्यांवर ओ-रिंग चढवायची, सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि अख्ख्या नळीत शाई ओतायची. दिसायला फार सुंदर, आणि शाई संपता संपत नाही. पण अर्ध्याच्या खाली गेली की वरच्या हवेला हाताची ऊब लागते, हवा फुगते आणि शाईचा थेंब कागदावर ढकलते. तो थेंब लाल असेल तर लेखकाला काय वाटेल याचा विचार करा. धातूच्या बॉडीत तर हा उद्योग करूच नये, शाई धातू खाते.

नकलेबद्दल. हिरो या चिनी कंपनीचं घराणं शांघायमधलं, १९३१ सालापासूनचं, आणि त्याचं ६१६ हे पेन १९४१ च्या पार्कर ५१ ची आठवण करून देणारं. मला ते खटकत नाही, कारण मूळ पेन बाजारातून जाऊन जमाना झाला. विंग संग या दुसऱ्या चिनी कंपनीचं ६०१ तर पार्करची तीच जुनी, दट्ट्याने शाई खेचण्याची पद्धत परत आणतं आणि ती नीट चालतेही. वरचं बटण दाबत राहायचं आणि खिडकीतून शाई चढताना बघायची. पण आजही दुकानात मिळणाऱ्या लॅमी सफारीसारखं दिसणारं जिनहाओ ५९९ घ्यायला माझा हात पुढे होत नाही. एक्स १५९ याच निकषावर नापास व्हायला हवं हे मला कळतं. तरी ते माझ्या टेबलावर आहे.

रंगांची हौस असेल तर जिनहाओ ८२. दोन-तीन रंगांची घ्यायची आणि एकाचं टोपण, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याची पकड अशी अदलाबदल करायची; आटे एकच असल्याने सगळं बसतं. लहान मुलांना शार्क मासळीच्या तोंडाचं ९९३ द्या, निब झाकलेली असते.

कोणाला भेट म्हणून द्यायचं असेल तर मात्र आधी स्वतः धुऊन, भिंगाखाली बघून, लिहून पाहून द्या. ज्याला पाकिटातून काढून थेट सही करायची आहे त्याने ही वाट धरू नये. आणि मागवताना कन्व्हर्टरचं तोंड विचारून घ्या: काही पेनांना २.६ मिलिमीटरचं लागतं, काहींना ३.४ चं, आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही.