डेन्मार्क की नॉर्वे: तेलाला रामराम कुणी केला?

उत्तर समुद्र तोच, शेजारी दोघेही सुखवस्तू, पण तेलाबाबत दोघांच्या दोन तऱ्हा.

डेन्मार्कने डिसेंबर 2020 मध्ये तेल-वायू शोधण्याच्या नव्या परवान्यांची फेरी रद्द केली आणि 2050 पर्यंत उत्पादन थांबवायचं ठरवलं. ऐकायला मोठा त्याग वाटतो. पण तिथलं तेल 2004 नंतर उतरणीलाच लागलं होतं; आटत चाललेली विहीर बुजवायला धाडस लागतं ते कितीसं? निम्म्याहून जास्त सरकारी मालकीच्या त्यांच्या डोंग या ऊर्जा कंपनीने 2017 मध्येच तेल-वायूचा धंदा विकला, ऑर्स्टेड असं नाव घेतलं आणि समुद्रातल्या पवनचक्क्या धरल्या. तिथेही सगळं आलबेल नाहीच. व्याजदर चढले, सुट्या भागांचा पुरवठा रखडला आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडून द्यावे लागले.

नॉर्वेचा मामला जास्त मजेशीर. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे 89 टक्के विजेवरच्या. तेल-वायू मात्र परदेशी विकायचा आणि पैसा सरकारी निधीत टाकायचा. योहान स्व्हेर्द्रुप या तेलक्षेत्राला तर किनाऱ्यावरून केबलने वीज जाते, तीही मुख्यतः जलविद्युत. म्हणजे स्वच्छ विजेवर तेल उपसायचं! दुटप्पीपणा आहेच. पण 2022 मध्ये रशियाकडून येणारा वायू घटला, तेव्हा युरोपने हात पसरले ते नॉर्वेपुढेच.

माझं मत विचाराल तर नवी तेलक्षेत्रं शोधणं थांबवण्यात डेन्मार्क शहाणा. वायूच्या बाबतीत मात्र पुढची काही वर्षं तरी नॉर्वेचं पारडं जड.