हाँगकाँगहून मकाऊची बोट: आधी धक्का बघा, मग तिकीट काढा

हाँगकाँगला चार-पाच दिवस जाणाऱ्यांच्या यादीत ‘एक दिवस मकाऊ’ असतंच. पर्ल नदीच्या मुखाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ६० किलोमीटर पाणी, आणि बोट ते तासाभरात कापते. गेटवेहून मांडव्याला पोहोचायलाही जवळपास तेवढाच वेळ जातो, आणि ते अंतर याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं आहे. त्यावरून वेगाचा अंदाज यावा. सेवा वक्तशीर आणि स्वच्छ आहे, पैसे वसूल होतात. तरीही एका दिवसाच्या या सहलीत लोकांचे दोन-दोन तास वाया जातात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: तिकिटावरचं धक्क्याचं नाव वाचलेलं नसतं.

मकाऊत बोटीचे दोन धक्के आहेत. आउटर हार्बर हा जुना, मुख्य शहराच्या बाजूचा. दुसरा ताईपा, विमानतळाला लागून; आताची मोठी इमारत २०१७ मध्ये सुरू झाली. टर्बोजेट कंपनीच्या बहुतेक बोटी आउटर हार्बरला लागतात, काही ताईपाला. कोटाई वॉटर जेट ताईपाला जाते, कारण कोटाईतल्या प्रचंड कॅसिनो-हॉटेलांचे पाहुणे थेट दारात पोहोचवायलाच ती सेवा निघाली. दोन्ही कंपन्या हाँगकाँगमध्ये एकाच इमारतीतून सुटतात, त्यामुळे ‘मकाऊचं तिकीट द्या’ एवढंच सांगितलं तर समोर येईल ते मिळतं. परतीचा घोळ याहून वाईट. हातात कोटाई वॉटर जेटचं तिकीट, आणि माणूस उभा आउटर हार्बरला. दोन्ही धक्क्यांच्या मध्ये पूल आहे, संध्याकाळची गर्दी आहे, आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बोटीवर चालत नाही.

एका दिवसासाठी आमची शिफारस: जाताना आउटर हार्बर, येताना ताईपा. सकाळी जुनं शहर, दुपारनंतर कोटाई, तिथून दहा मिनिटांवर परतीची बोट. म्हणून येण्याजाण्याचं एकत्र तिकीट न घेता दोन वेगळी तिकिटं काढा.

हाँगकाँगचा धक्का शुंग वान मेट्रो स्टेशनच्या वर, शुन ताक सेंटरमध्ये आहे. स्टेशनच्या ‘डी’ दारातून सरळ आत जाता येतं, रस्त्यावर यावं लागत नाही. चिम शा चुईत उतरला असाल तर सेंट्रलला गाडी बदलून पुढचंच स्टेशन. तिकीट खिडक्या तिसऱ्या मजल्यावर. साध्या वर्गाचं तिकीट कामाच्या दिवशी दिवसा पावणेदोनशे हाँगकाँग डॉलरच्या आसपास, शनिवार-रविवारी थोडं जास्त, आणि रात्रीचं सव्वादोनशेच्या घरात. डॉलरचे अकरा रुपये धरले तर माणशी दोन ते अडीच हजार रुपये एका बाजूचे. वरच्या वर्गात खुर्ची रुंद, चढता-उतरताना आधी सोडतात, थोडं खायला मिळतं. तासाभराच्या प्रवासासाठी त्याची गरज नाही. आजी-आजोबा बरोबर असतील आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग टाळायची असेल तरच विचार करावा.

सुटायच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा. हा परदेश प्रवास आहे, पासपोर्ट तपासणी दोन्हीकडे होते. चढण्याच्या दाराशी कर्मचारी तिकिटावर आसनक्रमांकाची चिकटपट्टी लावतात. खिडकी हवी असेल तर तेव्हाच मागायची. पुढच्या बोटीचं तिकीट असून लवकर आलात, तर आधीच्या बोटीसाठी वेगळी प्रतीक्षेची रांग असते, जागा उरल्या की त्यातून सोडतात. सकाळी हे हमखास जमतं. रविवारी संध्याकाळी परतताना मात्र त्या रांगेवर अवलंबून राहू नका. त्या वेळच्या बोटी भरलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष बोट. डेकवर उभं राहून वारा खायची कल्पना असेल तर ती सोडून द्या. सगळे आत, वातानुकूलित डब्यात, काचांवर खारं पाणी वाळलेलं. आत गारठा असतो, पोरांना स्वेटर घ्या. टर्बोजेटच्या ताफ्यात जेटफॉइल ही जुनी पण अजब चीज आहे. विमानं बनवणाऱ्या बोइंगची रचना, आणि या मार्गावर १९७५ पासून. वेग घेतला की बोटीचं अंग पाण्याबाहेर उचललं जातं आणि ती पाण्याखालच्या पंखांवर ताशी ऐंशीएक किलोमीटरने पळते. लाटा अंगाला लागतच नाहीत, म्हणून धक्के कमी. दुसऱ्या बोटी कॅटमरान, दोन सांगाड्यांच्या. त्या प्रशस्त असतात, पण समुद्र खवळला की झुलतात. कोणती बोट येणार हे आपल्या हातात नसतं.

बोट लागणाऱ्यांनी खालचा मजला आणि मधली-मागची आसनं मागावीत. बोटीच्या नाकाशी हिसके सगळ्यात जास्त. गोळी घ्यायची तर सुटायच्या अर्धा तास आधी, पोटात कळ आल्यावर नव्हे. हिवाळ्यात ईशान्येचे वारे लागतात तेव्हा पाणी चढतं, वसंतात धुक्यामुळे वेग कमी होतो. जुलै ते सप्टेंबर ही वादळांची घाई. हाँगकाँग वेधशाळेने वादळाचा ८ नंबरचा इशारा लावला की बोटी थांबतात, त्यामुळे ३ नंबर लागलेला दिसला की मकाऊत जास्त वेळ रेंगाळू नये. आणि पट्टा बांधायला सांगतात तो खरंच बांधा. एवढ्या वेगात तरंगता ओंडका आडवा आला तर काय होतं ते सांगायला नको. या मार्गावर प्रवासी जखमी झालेले आहेत.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टवाल्यांची एक खास गोची आहे. मकाऊला आपल्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला मात्र आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते; २०१७ पासूनचा नियम. नोंदणी फुकट आहे, साधारण सहा महिने चालते, आणि त्या मुदतीत कितीही वेळा आत येता येतं, दर वेळी १४ दिवसांपर्यंत. म्हणजे मकाऊहून परत येणं हा हाँगकाँगमधला नवा प्रवेश, आणि त्यासाठी त्या नोंदणीची छापील, सही केलेली चिठ्ठी पुन्हा दाखवावी लागते. लोक ती हॉटेलच्या खोलीत बॅगेत ठेवून येतात आणि परतीच्या खिडकीवर घाम फुटतो. चिठ्ठी पासपोर्टातच ठेवा, दोन प्रती काढा. दोन्हीकडे पासपोर्टवर शिक्का न मारता छोटी चिठ्ठी देतात, तीही फेकू नका. सिगारेट ओढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: सीमेवर १९ सिगारेटींपर्यंत माफी आहे. विसांचं अख्खं पाकीट एकाने जास्त होतं!

पैशांचं सोपं आहे. मकाऊचा पटाका हाँगकाँग डॉलरला बांधलेला, १ डॉलरला १.०३ पटाका. दुकानं, टॅक्सी, बस सगळे डॉलर एकास एक घेतात, तीन टक्क्यांचं नुकसान सोसायचं की नोटा बदलायच्या हे तुम्ही ठरवा. एका दिवसासाठी बदलू नये. कारण कॅसिनोतलं सगळं चलनही हाँगकाँग डॉलरच आहे. बसचं भाडं सहा पटाका, आणि बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, म्हणून नाण्यांची सोय करून ठेवा. हाँगकाँगच्या मेट्रो-बसचं ऑक्टोपस कार्ड इथे चालेल असं गृहीत धरू नका.

आउटर हार्बरला उतरलात की ३ नंबरची बस जुन्या शहरातल्या सेनाडो चौकाच्या रस्त्याला नेते. किंवा रस्त्याखालच्या भुयारी वाटेने पलीकडे जा. तिथे कॅसिनोंच्या फुकट बसगाड्या उभ्या असतात, ग्रँड लिस्बोआची पकडली तर पुढे सेनाडो चालत दहा मिनिटं. फुकट बसमध्ये बसलं म्हणून जुगार खेळलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. सेनाडोहून सेंट पॉलच्या अवशेषांपर्यंत सगळे जातात. १८३५ च्या आगीत चर्च जळालं, दगडी दर्शनी भिंत तेवढी उरली. दहानंतर तिथे खांद्याला खांदा लागतो, म्हणून सकाळी शक्य तितक्या लवकरची बोट गाठायची.

तिथून माघारी फिरून दक्षिणेला आ-मा मंदिराकडे चालत जा. हा पट्टा बहुतेक सहली गाळतात, आणि आपल्याला खरा रस तिथेच आहे. वाटेत मूरिश बराकी लागतात. नाव मूरांचं असलं तरी ही इमारत १८७४ मध्ये गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी बांधली. मकाऊच्या पोलिसांना कुमक म्हणून ती आली होती. आता तिथे सागरी खात्याचं कार्यालय आहे, कमानींच्या व्हरांड्यात उभं राहता येतं. मकाऊचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्याच हाताखाली होता, त्यामुळे पाट्यांवरचं पोर्तुगीज, निळ्या नक्षीच्या फरश्या पाहून पणजीचं फोंतेन्यश आठवलं तर त्यात नवल नाही. जेवणातही तेच: ‘बालिशाँव’ ही कोळंबीची चटणी गोव्याच्या बाल्चावची बहीण, आणि इथली बेबिंका थरांची नसून नारळाच्या दुधाची खरवसासारखी. मुंबईचा धागा हवा असेल तर गिया टेकडीच्या उतारावर पारशांचं छोटं कब्रस्तान आहे, १८२९ पासूनचं. मुंबईहून अफू-कापसाच्या व्यापाराला गेलेल्यांपैकी काहीजण तिथेच राहिले. रस्त्याचं नावही पारशांवरून आहे. ते मात्र या वाटेवर नाही, उलट्या बाजूला, धक्क्याच्या जवळ.

आ-मा मंदिराच्या शेजारीच बारा स्टेशन. डिसेंबर २०२३ पासून लाइट रेल इथपर्यंत येते आणि साई वान पुलाच्या खालच्या मजल्यावरून ताईपात, पुढे कोटाईमार्गे ताईपा धक्क्यापर्यंत नेते. सकाळी एका धक्क्यावर उतरून संध्याकाळी दुसऱ्यावरून सुटायची मांडणी या गाडीमुळेच सुटसुटीत झाली.

कोटाईबद्दल थोडक्यात. वेनेशियन हे कॅसिनो-हॉटेल २००७ चं. आतलं कालव्याचं बाजारपेठी नाटक एकदा बघण्याजोगं. विन पॅलेसच्या तळ्यावरचा पाळणा फुकट आहे आणि कारंजी त्यातूनच छान दिसतात. पोरं बरोबर असतील तर एवढ्यात दुपार सरते. कॅसिनोच्या मजल्यावर २१ वर्षांखाली प्रवेश नाही, फोटो नाहीत, मोठी पाठपिशवी बाहेर ठेवावी लागते. पासपोर्ट खिशात असू द्या, कोवळा चेहरा दिसला की मागतात.

गोव्याच्या मांडवीतले कॅसिनो डोक्यात ठेवून जाणाऱ्यांची इथे निराशा होते. तिकडे प्रवेशाचे पैसे भरले की जेवण, दारू, गाणी त्यातच. इथे दार फुकट, आत फार तर पाणी आणि दुधाचा चहा. ऑर्केस्ट्रा नाही, आरडाओरडा नाही. टेबलांवर मुख्यतः बॅकारा हा पत्त्यांचा खेळ, आणि कोटाईत बसायची किमान बोली बऱ्याचदा तीनशे-पाचशे डॉलर, म्हणजे एका डावाला सव्वातीन-साडेपाच हजार रुपये. नुसता अनुभव घ्यायचा असेल तर पडद्यावरची इलेक्ट्रॉनिक टेबलं शोधा, तिथे बोली बरीच कमी असते. बॅकारात ‘बँकर’, ‘प्लेयर’ किंवा ‘टाय’ (बरोबरी) यांवर पैसे लावतात. ‘बँकर’वर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा १.०६ टक्के, तोही जिंकल्यावर कापल्या जाणाऱ्या पाच टक्के दलालीसकट, ‘प्लेयर’वर १.२४. ‘टाय’वर आठपट मिळतं म्हणून हात शिवशिवतात, पण तिथे घराचा वाटा चौदा टक्क्यांवर जातो. तिथे पैसे लावू नका. हरायची रक्कम हाँगकाँगमध्येच वेगळ्या पाकिटात मोजून ठेवा, आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं असू द्या.

बोटीला पर्याय म्हणजे पुलावरची बस. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या सागरी पुलावरून ती सुमारे चाळीस मिनिटांत जाते, चोवीस तास धावते, भाडं दिवसा ६५ आणि रात्री ७० डॉलर. स्वस्त आहे, बोट लागत नाही, तर मग बोट कशाला? कारण बस सुटते ती विमानतळाशेजारच्या बेटावरून. सेंट्रल किंवा चिम शा चुईहून तिथे पोहोचायलाच तासभर जातो. विमानतळाजवळच्या तुंग चुंगला राहत असाल तर मात्र डोळे मिटून बस घ्या. तिथून बी-६ नंबरची बस पुलाच्या नाक्यापर्यंत सोडते. शेवटची बोट चुकली, तरी हीच बस रात्री परत आणते.

निघताना कोटाईतल्या हॉटेलातून ताईपाच्या बसला सुटायच्या तासभर आधी उभे राहा. रात्री आठनंतर त्या रांगा वाढतात. आणि उरलेले पटाके धक्क्यावरच बदामाच्या बिस्किटांवर खर्च करा. हाँगकाँगच्या दुकानात ते कोणी घेत नाही.