आर्केडसाठी ‘तयार एलसीडी किट’ घेताय? जुनी ट्यूब हातची सोडू नका

१६,३५० रुपये आणि जुन्या टीव्हीसारखा काचेच्या ट्यूबचा एक चालू मॉनिटर. एवढं गेलं. पैशांचा संताप थोडा निवलाय, ट्यूबचा निवत नाही. कारण जाहिरात देऊन एलसीडी किट विकणारा तो माणूस मुळात ट्यूबवरच डोळा ठेवून आला होता. एलसीडी विकणं हे नुसतं निमित्त होतं.

ज्यांच्या घरी जुनं आर्केड मशीन, म्हणजे गेम पार्लरमधलं कपाटाएवढं व्हिडिओ गेम मशीन, आहे त्यांना ही ओढाताण सांगायला नको. कॅबिनेटची चौकट ४:३ आकाराच्या (रुंदी चार, तर उंची तीन) ट्यूबसाठी कापलेली असते आणि आजचे बहुतेक मॉनिटर १६:९. चोवीस इंची घेतला तरी त्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे गेमचं चित्र मधोमध आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. म्हणून सगळे २०.१ इंची, १६०० बाय १२०० चा ४:३ पॅनल शोधत फिरतात, आणि तो मिळाला तर जुन्या बाजारातच. दुसरी अडचण सिग्नलची. जुने गेम बोर्ड १५-१६ किलोहर्ट्झचा सिग्नल देतात, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा हजार आडव्या रेषा; साधा कॉम्प्युटर मॉनिटर ३१ च्या खाली बघतही नाही. लावलात तर ‘आउट ऑफ रेंज’ नाहीतर काळा पडदा.

जाहिरातीत या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध होतं. २०.१ इंची आयपीएस पॅनल (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), १५ किलोहर्ट्झ थेट चालणार, मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर नाही म्हणून बटण दाबल्यावर उशीर नाही, जॅमा हार्नेसला (गेम बोर्ड, पडदा आणि बटणं जोडणारा ठरावीक पद्धतीचा वायरींचा जुडगा) जोडायची वायर आणि ब्रॅकेट सोबत. किंमत १७,५०० रुपये. जुनी ट्यूब चासीसकट, म्हणजे ती चालवणाऱ्या सर्किट बोर्डासकट, दिली तर ३,००० कमी.

मी काही या बाबतीत अडाणी नाही. सोल्डरिंग येतं, हार्नेस स्वतः ओढलेला आहे. पण ट्यूबला हात लावायला मी घाबरतो, आणि घाबरायलाच हवं. बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. विकणारा म्हणाला, “तुम्ही हातसुद्धा लावू नका सर, मी येऊन डिस्चार्ज करून नेतो.” म्हणजे आत साठलेली वीज काढून. अशा माणसावर कोण संशय घेईल? वर ज्ञानही दिलं: “तुमचं चित्र वाकडं येतंय ना, म्हणजे ट्यूब संपत आली.” साफ खोटं. चित्र कडेने वाकणं, हलणं हे बहुतेक वेळा चासीवरच्या म्हाताऱ्या कपॅसिटरांचं दुखणं असतं. ते बदलले की तीच ट्यूब पुढे कित्येक वर्षं चालू शकते. हे मला नंतर एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता.

एक लक्षात ठेवा, विकणारा तुम्हाला काय विचारतो ते बघा. यानं कॅबिनेटचं माप एकदाही विचारलं नाही. गेम उभे आहेत की आडवे, तेही नाही. त्याला हवे होते फोटो: ट्यूबच्या मानेवरचं लेबल, चासीवरचा मॉडेल नंबर आणि पडदा पूर्ण पांढरा असतानाचा एक. मला वाटलं, काय काटेकोर माणूस आहे.

आता व्हिडिओचं. आगाऊ ८,५०० देण्याआधी मी पुरावा मागितला, म्हणजे मी डोळे मिटून पैसे पाठवले असं कुणी म्हणू नये. त्यानं लगेच पाठवला. उभा ठेवलेला मॉनिटर, त्यावर पॅक-मॅन हा जुना गेम. मॉनिटर चालू होताना कोपऱ्यात येणाऱ्या सिग्नलचे आकडे दाखवणारी छोटी निळी चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं: १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ, ४८.४ किलोहर्ट्झ.

सगळं तिथेच होतं, ढळढळीत. खऱ्या बोर्डावर पॅक-मॅन ६०.६ हर्ट्झला आणि १६ किलोहर्ट्झला चालतो. सिग्नल थेट जात असेल तर चौकटीत १६ च्या आसपासचा आकडा यायला हवा. ४८.४ येतोच कसा? मध्ये कन्व्हर्टर बसवून त्यातून व्हीजीए, म्हणजे कॉम्प्युटर मॉनिटरचा सिग्नल, काढला किंवा गेम मुळात कॉम्प्युटरवरच चालवला तरच. हे गणित मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा. आणि मी ती चौकट बघून काय केलं? व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा पाहिला आणि स्वतःशी म्हटलं, वा, ६० हर्ट्झ मिळतोय. पॅक-मॅन जरा जाडसर दिसत होता, तेही दिसलं होतं. म्हटलं कॅमेरा तिरका असेल. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो विकणाऱ्याच्या वतीनं आपणच उत्तरं देतो.

८,५०० गेले. मग तो येऊन ट्यूब घेऊन गेला, मी वर पाणी विचारलं. मग ‘पाठवण्यापूर्वी’ ६,०००. मग पॅकिंग आणि विम्याचे १,८५०, जे जाहिरातीत कुठेच नव्हते. ट्यूब त्याच्या ताब्यात गेल्यावर हे १,८५० निघाले, हे ध्यानात घ्या. तोवर माझ्या हातात नाही म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

खोक्यातून निघाला ऑफिसातला एकोणीस इंची, ५:४ चा मॉनिटर. मागे ‘इंडस्ट्रियल ग्रेड’ असं चकचकीत स्टिकर. कोपरा नखानं उचकटला तर खाली मूळ लेबल, १२८० बाय १०२४. मागचं झाकण काढलं, आत हिरवा कन्व्हर्टर बोर्ड ग्लू गननं चिकटवलेला, आणि त्या गोंदात कुणाचा तरी केस अडकलेला. पॅनल आयपीएस नव्हे तर स्वस्तातला टीएन, म्हणजे उभा केला की डावीकडे बसलेल्याला एक रंग आणि उजवीकडच्याला दुसरा. रुंदी ३७.६ सेंटिमीटर, हवी होती ४०.८. तीन सेंटिमीटरची फट. हार्नेसचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) सिग्नल रेझिस्टर न लावता सरळ बोर्डात सोडलेला. व्हीजीएची पातळी ०.७ व्होल्ट, गेम बोर्ड त्याच्या कितीतरी पट देतात. आज ना उद्या जळण्याची भीती.

फोन केला तर म्हणतो, पॅनल बदलून देतो, आधी ४,००० परत मिळणारं डिपॉझिट भरा. ते मात्र मी भरले नाहीत. त्यानंतर नंबर बंद.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. पेमेंट अ‍ॅपवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार यशस्वी आहे. बँक म्हणाली, अ‍ॅपवाल्यांकडे जा. कुरिअरवाल्यांनी वजन जुळतंय असं कळवलं, जणू मी वजन विकत घेतलं होतं. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘माल मिळाला नाही’ हा पर्याय आहे, ‘भलताच मिळाला’ हा नाही. शेवटी पोलीस चौकी. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न: “व्हिडिओ गेम? कोणाचा, मुलाचा?” माझाच म्हटल्यावर त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. दुसरा प्रश्न: “मॉनिटर मिळाला ना? चालू होतो ना? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी वाद आहे.” ४:३ आणि ५:४ मधला फरक मी कागदावर काढून दाखवला. ते म्हणाले, दोन्ही चौकोनच आहेत. ट्यूबचं नाव काढलं तर, “भंगार तुम्ही स्वतःच्या हातानं दिलंत, त्याची कसली तक्रार?” ज्या वस्तूचं उत्पादन थांबलंय, जी गेली की नवी मिळत नाही, ती सरकारी भाषेत भंगार. आणि या सव्यापसव्यात शेवटी मिळालं काय, तर अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का.

पैसे देण्याआधी मॉनिटरच्या मेनूतला माहितीचा पडदा मागा आणि त्यावरचे आकडे वाचा, चित्र नको. मागच्या लेबलचा फोटो मागा. पट्टी लावून रुंदी दाखवायला सांगा. आणि नवं बसून दहा गेम खेळून होईपर्यंत जुनी ट्यूब घराबाहेर जाऊ देऊ नका, कुणी कितीही सर-सर करो.

परवा दुसऱ्याच नावानं एक जाहिरात दिसली. ‘दुर्मिळ १९ इंची आर्केड ट्यूब, चासीसह, उत्तम स्थितीत, २२,००० रुपये.’ फोटोत पडदा पांढरा, खाली डाव्या कोपऱ्यात स्कोअरच्या आकड्यांचा जळका डाग. तो डाग माझ्या मशीनवर पडलेला आहे, आणि तो फोटोही मीच काढून पाठवलेला आहे. मूळ फोटो जोडून मी जाहिरातीची तक्रार केली. उत्तर आलं: ‘तपासणी केली, ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.’ कुणी ती ट्यूब घ्यायच्या विचारात असाल, तर थांबा आणि मला कळवा. मूळ फोटो तारखेसकट माझ्याकडे आहे.