जुन्या भिंतीच्या पोकळीत काय भरायचं: फोम, लोकर की मणी?

विटांच्या दोन थरांमधली ती पाच-सहा सेंटीमीटरची फट उगाच सोडलेली नसते. बाहेरून झिरपलेलं पावसाचं पाणी आतल्या भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून ती असते. घरातली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून तिच्यात काहीही भरलं की ते पाण्याच्या वाटेत येतं, म्हणून मी आधी ओल बघतो, मग उष्णता.

उष्णतेच्या हिशेबात पीयू फोम, म्हणजे पोकळीत फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा फेस, सरळ जिंकतो. त्याची उष्णतावाहकता (आकडा जितका कमी तितकं चांगलं) साधारण ०.०२५, तर रॉकवूल म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर आणि थर्माकोलचे मणी यांची ०.०३५ च्या आसपास. म्हणजे ५ सेंटीमीटर फोम ७ सेंटीमीटर लोकरीचं काम करतो. शिवाय तो दोन्ही थरांना घट्ट चिकटतो. आणि हीच त्याची खोड! उद्या दोन थरांना जोडणारे आतले लोखंडी टाय गंजले किंवा कुठे पाणी मुरलं, तर तो काढायचा कसा? जवळजवळ अशक्यच. जुन्या घरात मी फोम शेवटी ठेवेन.

रॉकवूल जळत नाही, हा मोठा गुण. पण बांधताना गवंड्याच्या थापीवरून सांडलेला माल टायवर लिंबाएवढे गोळे होऊन वाळलेला असतो. फुंकलेली लोकर तिथे अडते, खाली पोकळी राहते आणि नेमक्या त्याच जागी आतून भिंत गार लागते. भिजली तर ती काम करेनाशी होते. कागदाच्या लगद्याचा पर्याय ओलसर भिंतीत नकोच.

मणी पाण्यासारखे वाहतात, त्यामुळे भरण्यासाठी भिंतीत भोकंही कमी लागतात. भरतानाच त्यांच्यावर गोंद फवारतात. मण्यांमधून पाणी खाली निथळतं आणि गरज पडली तर ते बऱ्यापैकी ओढूनही काढता येतात. अडचण दोन ठिकाणी. थर्माकोल जळतो; आणि पीव्हीसी वायरला चिकटून राहिला तर वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. पोकळीतून वायर गेली असेल तर आधी ती पाइपात घ्या. तरीही माझं मत मण्यांनाच.

हे सगळं पोकळी असेल तर! बाहेरून विटांची फक्त लांब बाजू दिसत असेल तर ती बहुधा आहे. मधूनमधून आखूड तोंडं दिसली तर भिंत भरीव असू शकते. दोन विटांमधल्या दर्जेत, म्हणजे सांध्यात, एक भोक पाडून कॅमेरा घालायला सांगा. तळाशी राडारोडा असेल तर आधी तो काढा. पावसाचा मारा लागणाऱ्या बाजूच्या दर्जा झिजल्या असतील तर त्या भरून घ्या आणि एक पावसाळा थांबा.