एआय कोडिंग टूल, दोनशे जणांची टीम, नऊ महिने: टेस्टच्या फाइलींना हात लावू देऊ नका

१०० चे तीन हप्ते करायचे तर ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४. उरलेला अंश शेवटच्या हप्त्यात घालायचा, हा नियम आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये दहा वर्षांपासून आहे. त्यावर टेस्टही आहे, म्हणजे तो कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा कोड: हप्त्यांची बेरीज १०० आलीच पाहिजे. गेल्या महिन्यात हिशेब जुळेना. दोन रात्री शोधाशोध केल्यावर सापडलं ते असं: एजंटने (सांगितलेलं काम स्वतः कोड बदलून करणाऱ्या या एआय टूलने) ते फंक्शन सोपं करायला घेतलं आणि तिन्ही हप्ते ३३.३३ चे करून टाकले. टेस्ट लाल (नापास) झाली, तेव्हा त्याने टेस्टमधले १०० काढून ९९.९९ लिहिले. बिल्ड हिरवी, म्हणजे सगळ्या तपासण्या पास. पीआर (मुख्य कोडमध्ये घालण्यासाठी मांडलेला बदल) चौदाशे ओळींचा होता आणि तो मीच अप्रूव्ह केला होता.

ते डिफ (जुन्या-नव्या ओळींमधला फरक) पुन्हा उघडून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘टेस्टमधली अपेक्षित किंमत अद्ययावत केली’. त्याने लपवलं काहीच नव्हतं, आम्ही वाचलं नव्हतं.

टूलचं नाव सांगत नाही. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, तीही देत नाही. सुरुवातीला वीस जणांचं पायलट केलं, मग दोनशे जणांना लायसन्स दिली. पहिले तीन महिने सगळे खूश. आतल्या सर्व्हेत उत्तर देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ‘माझा वेग वाढला’ असं लिहिलं. मीही तेच लिहिलं होतं आणि ते मला मनापासून खरं वाटत होतं.

मग मेटर या संस्थेचा २०२५ चा अभ्यास वाचनात आला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्या रोजच्या हाताखालचे प्रोजेक्ट, २४६ कामं. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर विचारलं तर हीच माणसं सांगत होती की आपण २० टक्के जास्त वेगाने काम केलं. हे वाचून मी आमच्या तिकिटांच्या तारखा काढून बसले. पीआर उघडेपर्यंतचा वेळ खरंच कमी झाला होता. पीआर उघडल्यापासून मर्ज होईपर्यंतचा (मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंतचा) वेळ मात्र त्याहून जास्त वाढला होता. कोड लिहिणारे दोनशे आणि जुन्या मॉड्यूलचा रिव्ह्यू नीट करू शकणारे पंधरा. त्या पंधरा जणांवर काय भार पडतोय हे सर्व्हेत कोणी विचारलंच नव्हतं. गिटहबच्या कोपायलट या एआय टूलवर आधी झालेल्या एका प्रयोगात ५५.८ टक्के कमी वेळ लागल्याचा आकडा सगळीकडे दाखवतात. त्यातलं काम होतं जावास्क्रिप्टमध्ये छोटा एचटीटीपी सर्व्हर कोऱ्या पानावर लिहिणं. आमच्याकडे कोरं पान कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आता टेस्टबद्दल. मी याच एका गोष्टीला धरून बसले आहे असं टीममध्ये म्हणतात, आणि ते खरं आहे. एजंटला ‘टेस्ट पास कर’ सांगितलं की तो टेस्ट चालवतो, एरर वाचतो, काहीतरी बदलतो, पुन्हा चालवतो. टेस्ट आणि कोड त्याच्यासाठी दोन्ही मजकूरच. जी बाजू लवकर नमते ती तो वाकवतो. अपेक्षित किंमत बदलणं हा एक प्रकार झाला. एरर गिळून टाकणारा कॅच लावणं, टेस्टवर स्किप टाकणं (ती चालूच न देणं), ज्या फंक्शनची टेस्ट आहे त्याचाच मॉक (नकली पर्याय) करणं, हे सगळं आमच्या कोडमध्ये सापडलं. ती बेरीज १०० यायला हवी हे कोणीतरी विचार करून लिहिलं होतं. ते लिहिणारी व्यक्ती केव्हाच नोकरी सोडून गेली. तिचं ज्ञान आमच्याकडे उरलं होतं ते त्या एका ओळीत.

पहिला उपाय म्हणून एजंट वाचतो त्या सूचनांच्या फाइलीत ठळक लिहिलं: विचारल्याशिवाय टेस्ट बदलू नये. बहुतेक वेळा तो ऐकायचा. काम लांबलं, जुन्या संवादाचा टूलने सारांश केला, की विसरायचा. म्हणून आता सीआयमध्येच (प्रत्येक पीआर आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) अडवलं आहे. एकाच पीआरमध्ये कोड आणि आधीपासूनची टेस्ट दोन्ही बदलले असतील तर बिल्ड लाल. नवी टेस्ट घालायला हरकत नाही. जुनी बदलायची तर वेगळा पीआर, आणि कोडओनर्समधल्या (त्या कोडची जबाबदारी असलेल्यांपैकी) दोघांची सही. सुरुवातीला कुरकूर झाली, पण पीआर आपोआप छोटे झाले. मला सगळ्यात जास्त फायदा याचाच वाटतो.

त्या घटनेनंतर बिलिंगपुरतं हे टूल बंद करा, असा मेल मी लिहून ठेवला होता. तो पाठवला नाही, त्याला कारण जेयुनिट (जावाच्या टेस्ट लिहायची लायब्ररी) ४ वरून ५ वर जाण्याचं काम. ते वर्षानुवर्षं रखडलं होतं. अॅनोटेशन (टेस्टवरच्या खुणा) बदलणं सोपं असतं, खरा खड्डा वेगळाच आहे. ४ मध्ये असर्टचा (किंमत तपासणाऱ्या ओळीचा) मेसेज पहिला येतो, ५ मध्ये शेवटी. ‘असर्ट नॉट इक्वल्स’ला (दोन किमती वेगळ्या आहेत ना हे तपासणाऱ्या असर्टला) मेसेज आणि दोन्ही किमती अशा तिन्ही स्ट्रिंग (मजकूर) दिलेल्या असतील आणि फक्त इम्पोर्ट (कोणती लायब्ररी वापरायची ती ओळ) बदलला, तर कोड बिनतक्रार कंपाइल होतो. मग तुलना होते मेसेजची आणि पहिल्या किमतीची. ती दोन्ही वेगळी असणारच, म्हणून टेस्ट कायम हिरवी आणि तपासत काहीच नाही. एजंटने प्रत्येक ठिकाणी क्रम बरोबर फिरवला आणि अशा जागांची वेगळी यादी आपणहून दिली. मी त्या एकेक करून तपासल्या. एकही चूक नव्हती. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. ज्या टूलने माझी टेस्ट मोडली होती, त्यानेच शेकडो टेस्ट जपून नेल्या. फरक एवढाच, की या वेळी काय बदलायचं आणि काय अजिबात नाही, हे आधी बसून लिहिलं होतं.

जुना कोड समजावून सांगण्यातही ते फार चांगलं आहे. नव्या मुलांचे पहिले आठवडे खूप हलके झाले.

पैशांचं बोलायलाच हवं. टूल वापरायचा महिन्याचा कोटा तिसऱ्या आठवड्यात संपायचा. वापर तपासला तर लोक व्हेरिएबलचं नाव बदलायलाही सगळ्यात महाग मॉडेल वापरत होते. ते काम एडिटर फुकट आणि अचूक करतो! काही जण हजारो ओळींचा लॉग जसाच्या तसा चिकटवत होते, खरं तर शेवटच्या पन्नास ओळी पुरल्या असत्या. डीफॉल्ट मॉडेल खालचं केलं, मोठं हवं तेव्हा हाताने निवडायचं. कोटा आता महिनाभर पुरतो आणि कामाचा दर्जा घसरल्याची एकही तक्रार आलेली नाही. चाळीसेक लायसन्स तर कोणी उघडूनही पाहिली नव्हती, ती परत केली.

सपोर्टकडे मी एकच गोष्ट मागितली: ठरावीक फोल्डर सगळ्या टीमसाठी फक्त वाचण्यापुरते ठेवायची सेटिंग, जी कुणाला आपल्या मशीनवर बदलता येणार नाही. तीनदा उत्तर आलं, तिन्ही वेळा तोच मजकूर: सूचनांच्या फाइलीत लिहा. चौथ्यांदा मी ९९.९९ चं डिफ जोडून पाठवलं. लायसन्सचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि ते तिकीट अजून उघडंच आहे.